नारिता ते टोकियो : न आलेल्या गाडीचे स्थानक

आजचा धागा एका साध्या प्रवासाचा आहे. टोकियोजवळच्या नारिता विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलवर उतरलेला परदेशी प्रवासी सामान घेतो, सरकत्या जिन्याने तळघरात जातो आणि थोड्याच वेळात शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसतो. या सोयीमागे काही इतिहास असेल, अशी शंकाही त्याला येत नाही. पण ते भूमिगत स्थानक आज तिथे थांबणाऱ्या गाड्यांसाठी बांधलेले नव्हते. ज्या गाडीसाठी ते बांधले, ती कधी आलीच नाही.

साठच्या दशकात टोकियोचा हानेदा विमानतळ अपुरा पडू लागला. नव्या विमानतळासाठी सरकारने आधी तोमिसातो हे ठिकाण निवडले होते. तिथे तीव्र विरोध झाला. मग ४ जुलै १९६६ रोजी मंत्रिमंडळाने नारिताजवळच्या सानरिझुकावर शिक्कामोर्तब केले. तिथे राजघराण्याची जुनी पशुपैदास भूमी होती, म्हणजे निम्मे काम सोपे, असा हिशेब. उरलेली जमीन शेतकऱ्यांची होती. त्यांतील अनेक जण महायुद्धानंतर तिथे आले होते आणि त्यांनी माळरान फोडून शेते तयार केली होती. निर्णयापूर्वी त्यांना कोणीही विचारले नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथेच आहे. विमानतळ हवा की नको, हा प्रश्न त्यानंतरचा.

तोमुरा इस्साकु यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची विरोधी संघटना उभी राहिली आणि तिला डाव्या विद्यार्थी संघटना येऊन मिळाल्या. १९७१ मध्ये सक्तीचे भूसंपादन सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांनी झाडांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. त्याच वर्षीच्या १६ सप्टेंबरला झालेल्या चकमकीत तीन पोलीस ठार झाले. त्यानंतर चारच दिवसांनी एका वृद्ध, एकाकी शेतकरी स्त्रीचे घर पाडण्यात आले. या लढ्याचे गोडवे गाणाऱ्यांनी पहिली घटना विसरू नये, आणि सरकारची बाजू मांडणाऱ्यांनी दुसरी.

आता रेल्वेकडे वळू. नारिता टोकियोच्या मध्यभागापासून साठेक किलोमीटर दूर. इतक्या लांबच्या विमानतळाला शहराशी जोडणार कसे? सरकारचे उत्तर होते शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. सुमारे अर्ध्या तासात टोकियो! १९७४ मध्ये काम सुरू झाले आणि विमानतळाखाली तिच्यासाठी स्थानकाचा सांगाडाही उभा राहिला. पण मार्गावरच्या एदोगावासारख्या दाट वस्तीच्या भागांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते : गाडी आमच्याकडे थांबणार नाही, मग आमच्या वाट्याला आवाज आणि हादरे याखेरीज काय येणार? १९८३ मध्ये काम गोठवले गेले आणि १९८७ मध्ये, राष्ट्रीय रेल्वेच्या खासगीकरणाबरोबर, योजनाच रद्द झाली.

या सगळ्यात खरी फरपट झाली ती केइसेई या खासगी रेल्वे कंपनीची. विमानतळापर्यंतचा लोहमार्ग आणि ‘स्कायलायनर’ या नव्या गाड्या तिने १९७२ मध्येच सज्ज ठेवल्या होत्या. विमानतळच उघडेना, म्हणून १९७३ च्या अखेरीपासून त्या गाड्या नारिताच्या प्रसिद्ध बौद्ध मंदिराकडे जाणाऱ्या भाविकांना वाहू लागल्या. अखेर ३० मार्च १९७८ ही उद्घाटनाची तारीख ठरली. चारच दिवस आधी आंदोलकांनी गटारमार्गाने आत शिरून नियंत्रण मनोऱ्यातील यंत्रसामग्री फोडली. ५ मे रोजी एक स्कायलायनर जाळण्यात आली. २० मे रोजी विमानतळ उघडला तो एकाच धावपट्टीनिशी. योजना तीन धावपट्ट्यांची होती.

दुसऱ्या दिवशी केइसेईची गाडी ‘नारिता विमानतळ’ स्थानकात पोहोचली. पण हे स्थानक टर्मिनलपाशी नव्हते! टर्मिनलखालची जागा शिंकानसेनसाठी राखीव, म्हणून केइसेईला दूर थांबावे लागले. प्रवाशाने गाडीतून उतरायचे, सामान ओढत बस गाठायची आणि मग टर्मिनल. जी गाडी येणार नव्हती, तिच्यासाठी आलेल्या गाडीला जवळजवळ तेरा वर्षे दाराबाहेर उभे केले गेले.

ही कोंडी फुटली १९८८ मध्ये. तत्कालीन वाहतूकमंत्री इशिहारा शिंतारो यांनी धूळ खात पडलेले ते स्थानक वापरण्याचे आदेश दिले. शिंकानसेनसाठी दुहेरी मार्गाची जागा तयार होती. तीत एक मार्ग जेआर पूर्व कंपनीला आणि एक केइसेईला मिळाला. दोघांच्या रुळांची रुंदीही वेगवेगळी. १९ मार्च १९९१ रोजी दोन्ही कंपन्यांच्या गाड्या थेट टर्मिनलखाली आल्या. पुढे २०१० मध्ये केइसेईने नवा मार्ग सुरू केला आणि त्यातही विमानतळालगत शिंकानसेनसाठी बांधलेला भाग उपयोगात आणला. ताशी १६० किलोमीटर वेगाने धावणारी स्कायलायनर आता टोकियोतील निप्पोरीपासून दुसऱ्या टर्मिनलपर्यंत ३६ मिनिटांत जाते.

या योजनेचे दुसरे टोक टोकियो मध्यवर्ती स्थानकात सापडते. डिस्नेलँडला निघालेले लोक तिथे केइयो मार्गाच्या फलाटापर्यंत चालून चालून वैतागतात. तो फलाट इतका दूर आहे, कारण ती जागा मुळात नारिता शिंकानसेनसाठी ठरलेली होती.

१९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी शेतकऱ्यांची माफी मागितली. तरीही मार्च २०१५ पर्यंत विमानतळात शिरणाऱ्या प्रत्येकाला, अगदी नातेवाइकांना निरोप द्यायला आलेल्यांनाही, प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवावे लागे. विमानतळामुळे वाट तुटलेल्या शिबायामा गावाला २००२ मध्ये भरपाई म्हणून रेल्वे मिळाली. तिची लांबी २.२ किलोमीटर.

ती सुटते केइसेईच्या त्याच जुन्या स्थानकातून. १९९१ पासून त्याचे नाव हिगाशी-नारिता, म्हणजे पूर्व नारिता. स्कायलायनरचा फलाट तिथे बंद, अंधारा पडून आहे आणि दुसऱ्या टर्मिनलकडे जाणाऱ्या सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या भुयारी वाटेने विमानतळाचे काही कर्मचारी ये-जा करतात.