सिकंदराबादच्या कारखान्यातली गळती



आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहातला एसी या उन्हाळ्यात तीनदा बंद पडला. तिन्ही वेळा मेकॅनिक आला, "गॅस कम हो गया सर, भरना पड़ता" म्हणाला, गॅस भरून गेला आणि बिलावर सही मी केली. तिसरी सही करताना मनात आले, तो आधीचा गॅस गेला कुठे? मी कला शाखेचा पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला. पण इतिहास वाचायची सवय आहे. त्या सवयीमुळे कळले की हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी आपल्याच जुळ्या शहरात एका तरुण इंजिनिअरच्या वाट्याला आला होता, आणि त्याचे उत्तर पुढे थेट व्हॅटिकनपर्यंत पोचले.

वीरभद्रन रामनाथन यांचा जन्म १९४४ साली मद्रासचा. १९६५ मध्ये अन्नामलाई विद्यापीठातून इंजिनिअर होऊन ते सिकंदराबादला फ्रिजच्या एका कारखान्यात लागले. काम काय, तर फ्रिजमधला थंडावा देणारा वायू इतक्या लवकर का गळतो ते शोधणे. कामात त्यांचे मन रमले नाही. पुढे बंगळुरू आणि तिथून अमेरिका. पण त्या वायूची खडान्‌खडा ओळख डोक्यात राहिली.

या वायूची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. पूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. ते घरात गळले तर माणसे मरत. म्हणून १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा प्रकार पुढे आणला. १९३० साली मिजलींनी रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेट घेत नाही! सभेत वाईट हेतूचा कोणी नव्हता. मुलांना पापाचा पाठ शिकवताना मला हे उदाहरण नेहमी अडचणीत टाकते.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी दाखवले की हा 'निरुपद्रवी' वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. ते वाचून रामनाथन यांनी वेगळाच प्रश्न विचारला. हा वायू उष्णताही अडवत असेल का? १९७५ च्या त्यांच्या शोधनिबंधाचे उत्तर असे की सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंइतकी उष्णता अडवू शकतो.

एवढी ताकद कशी? सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो, जमीन तापते आणि ती उष्णता परत आकाशाकडे टाकते. वाटेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातली बरीचशी धरून ठेवतात, आणि हे देवाचे उपकारच, नाहीतर पृथ्वी गोठली असती. पण काही किरणांना हे दोघेही फारसे अडवत नाहीत. घराला उघडी खिडकी असावी तशी तिथून उष्णता बाहेर निसटते. सीएफसी नेमका त्या खिडकीत जाऊन बसतो. म्हणून थोडासाही पुष्कळ होतो.

तरीही मोठा दोष कार्बन डायऑक्साइडचाच आहे, हे विसरून चालणार नाही. तो उष्णता धरतो हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून १८५६ सालीच पाहिले होते. १८९६ मध्ये स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी तो दुप्पट झाला तर जग किती तापेल याचा हिशेब मांडला. (थंड देशातले गृहस्थ, त्यांना थोडी ऊब बरीच वाटली!) कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास. आज ४२० च्या वर. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल, तोडलेली जंगले, सगळे त्यात आले. रामनाथन यांनी दाखवले ते असे की कार्बन एकटा नाही, त्याला साथीदार आहेत. १९८० मध्ये रोलंड मॅडन यांच्याबरोबर त्यांनी लिहिले की ही तापमानवाढ २००० सालापर्यंत स्पष्ट दिसू लागेल. ती दिसली.

मग ते आपल्या बाजूला वळले. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर विमाने, जहाजे आणि मालदीवमधले केंद्र घेऊन मोठी मोहीम झाली. समुद्रावर कित्येक मैल पसरलेला तपकिरी धुराचा थर सापडला. गाड्यांचा, कारखान्यांचा, आणि चुलीचाही धूर. तो समुद्रावर पडणारे ऊन कमी करतो, वरची हवा तापवतो, आणि त्याने मान्सून बिघडतो असा इशारा रामनाथन यांनी दिला. माझी आजी उदगीरला शेणी-लाकडावर स्वयंपाक करायची आणि पहाटे खोकत बसायची. त्या धुराचा पावसाशी संबंध असेल, हे तिला कोण सांगणार होते? आणि सांगून तरी तिने काय पेटवले असते?

इथे मला सगळ्यात जास्त टोचते. २००४ पासून रामनाथन पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे सभासद आहेत (तिथे कॅथलिक असण्याची अट नसते). मे २०१४ मध्ये व्हॅटिकनला माणूस आणि निसर्ग या विषयावर परिषद भरली. तिच्या आयोजकांत ते होते. पोप फ्रान्सिस यांना भेटायला मिळाले ते गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, आणि बोलायला दोन-तीन वाक्यांपुरता वेळ. सारी विद्या बाजूला ठेवून त्यांनी सांगितले ते एवढेच, की हे प्रदूषण मुख्यतः जगातल्या सधन शंभर कोटींचे आहे आणि भोगणार आहेत तळाचे तीनशे कोटी, ज्यांचा त्यात हात जवळजवळ नाही.

पोप फ्रान्सिस स्वतः तरुणपणी रसायनशाळेत काम केलेले. जून २०१५ मध्ये त्यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्र प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश त्यांनी एकत्र ऐकायला सांगितला. त्या परिपत्रात, पंचावन्नाव्या परिच्छेदात, एसीच्या वाढत्या वापराचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे. सभागृहात, गार हवेत बसूनच आपण त्याचे वाचन केले होते, हे आठवत असेल.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. माझी मावशी तेव्हा तिथेच होती. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी घातली होती, भांडणे होत म्हणून. सगळा दोष हवामानावर टाकणे खरे नाही. एल निनो होता, ऊस होता, बोअर खोल खोल जात होते. पण जिथे पाऊस आधीच बेभरवशाचा, तिथे वाढलेली उष्णता उरलेले पाणीही लवकर उडवते. मावशीच्या घरी तेव्हा एसी नव्हता. फ्रिजसुद्धा नव्हता.

सीएफसीचे पुढे काय झाले? १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, तो जगाने पाळला, आणि ओझोनचा थर हळूहळू सावरतो आहे. एवढी मोठी चूक देशांनी मिळून आवरल्याचे हे खरे उदाहरण आहे, आणि निराश मुलांना मी ते मुद्दाम सांगतो. पण त्याच्या जागी आलेले एचएफसी वायू ओझोनला सोडतात, उष्णतेला नाही. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला पुन्हा करार. भारतात त्यांची कपात २०३२ पासून टप्प्याटप्प्याने होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्के व्हायची आहे. आपल्या सभागृहातल्या यंत्रात आर-४१० आहे. वजनाला वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापवतो. तीनदा भरला, म्हणजे आधीचा तीनदा आकाशात गेला. सही माझी.

मेकॅनिकला मी परत बोलावले. चांगल्या यंत्रातला गॅस आपोआप संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो, हे त्यालाही ठाऊक होते. "ढूँढने में टाइम लगता सर, लोगाँ पैसे नहीं देते." मी म्हटले, पैसे मी देतो, फादरांना मी सांगतो. शनिवारी दुपारी, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर, त्याने साबणाचा फेस करून एकेका जोडाला लावला. पाच-सहा मुले थांबून बघत होती. बाहेरच्या युनिटजवळच्या नटापाशी फेसाला बारीक बुडबुडा आला, फुटला, आणि तिथेच दुसरा आला.