दुसऱ्या इंजिनाची पट्टी

गेल्या महिन्यात पिंपळगावहून भाच्याचा फोन आला. "आत्या, आजोबांची जीप मी चालू करतोय. रविवारी जुनं इंजिन उतरवायचंय, तू ये." मला गाडीतले काय कळते! सगळे आयुष्य मुलांना इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेले. पण ती जीप म्हणजे आमच्या घरचा इतिहास आहे, आणि त्यातले एक पान मी आजवर कोणाला वाचून दाखवलेले नाही. म्हणून गेले.

घरच्या मंडळींना ती जीप आठवत असेलच. नव्या पिढीसाठी थोडे मागचे सांगते. दुसऱ्या महायुद्धात जीप जगभर पोचली. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुंबईत जुळवलेल्या या जीप सरकारी खात्यांतून हळूहळू बागायतदारांच्या दारात आल्या. आमची १९६७ ची. चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन. अण्णांना तिचा कोण अभिमान!

मग १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोल इतके महागले की त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. डिझेल मात्र पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. तेव्हा अनेकांनी गाडीचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवून घेतले. आमच्या भागात ट्रॅक्टरमुळे डिझेल इंजिन ओळखीचे होते. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून काढलेल्या कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर शेतांवर दिसत होते. अण्णांनीही १९७६ मध्ये एक जुने डिझेल इंजिन मिळवले आणि जीपला बसवून घेतले. कुठे, कोणाकडून, ते आता सांगण्यात अर्थ नाही.

१९७७ च्या मे महिन्यात दादरला लग्न होते. परतताना कसारा घाटाच्या मध्यावर इंजिनातून ठोके येऊ लागले आणि दोन वळणांनंतर ते जाम झाले. पुन्हा फिरलेच नाही. अण्णा खाली उतरले आणि ड्रायव्हरमामांवर कडाडले, "ऑइल बघितलं नाहीस!" मामा एवढेच म्हणाले, "अण्णा, सकाळीच पट्टी पुसून पाहिली. भरलेली होती."

मंडळी, ते खरे होते. सकाळी दादरला मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होते. मामांनी पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, काढून उजेडात धरली. मी हे पाहिले होते. मी सत्तावीस वर्षांची, नोकरी करणारी शिक्षिका. पण अण्णा चिडले की त्यांच्यापुढे बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. शिवाय मनात एक शंकाही होती, ऑइल होते तर इंजिन जाम कसे झाले? कदाचित मामांनी नीट पाहिले नसेल. मी गप्प राहिले. घरी पोचल्यावर मामांचा हिशेब करून त्यांना काढून टाकले. जीप शेडमध्ये गेली, आणि अण्णांनी पुन्हा तिचे नाव काढले नाही.

आता परवाच्या रविवारकडे येते. भाच्याने मूळ जातीचे पेट्रोल इंजिन शोधून आणले आहे. आरटीओचे कागदही करतो आहे. मिस्त्री साठीचे, शांत. जुने इंजिन साखळीने वर घेतले, खालचे ऑइल चेंबर खोलले. मिस्त्रींनी सहज ऑइलची पट्टी तिच्या भोकात घातली, वाकून पाहिले आणि हसले. "ही पट्टी ह्या इंजिनाची नाहीच!"

मला समजेना. त्यांनी समजावून सांगितले. पट्टी लिटर मोजत नाही. ती फक्त एवढेच सांगते, की तेल तिच्या कुठल्या खुणेपर्यंत पोचले. ती खूण बरोबर की चूक, हे पट्टीची लांबी, ती जिथे टेकते ती जागा आणि खालचे चेंबर या तिन्हींचा मेळ बसला तरच ठरते. आमच्या इंजिनात लांब पट्टी घातली होती. तिचे टोक चेंबरच्या तळाला जवळजवळ टेकत होते. म्हणजे तेल कमी असतानाच पट्टी 'भरले' म्हणून सांगायची! सपाट रस्त्यावर तेवढ्यात भागले. घाटात गाडी चढाला लागली, तेल मागे सरकले, पंपाने तेलाऐवजी हवा ओढली आणि बेअरिंगे गेली. ऑइल प्रेशरचा काटा असता तर कळले असते, पण इंजिन बदलताना तो जोडलाच नव्हता.

मला आपला दुतोंड्या मारुती आठवला. गोदावरीला पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला? तोच मारुती उचलून वरच्या पायरीवर ठेवला, तर शहर बुडेल तरी पाणी गुडघ्यालाच!

मग खरे माप कसे काढायचे? मिस्त्रींनी नव्या इंजिनाला करून दाखवले. नवा फिल्टर घातला. या इंजिनाला फिल्टरसकट सुमारे पावणेपाच लिटर ऑइल लागते. चेंबर मूळचेच आहे, कापून आकार बदललेला नाही, हे आधी पाहून घेतले. नाहीतर पुस्तकातला आकडा लागू पडत नाही. इंजिन जाग्यावर पक्के बसल्यावर जीप सपाट फरशीवर उभी केली. एक लिटर कमी ऑइल ओतले, फिल्टर भरावा म्हणून इंजिन थोडे चालवले, बंद करून दहा मिनिटे थांबले. पट्टी पुसून घातली. तेल जिथे आले तिथे कानशीने खूण केली. ही खालची. उरलेला लिटर ओतून पुन्हा तसेच केले. ही वरची. "जास्त भरलं तरी वाईटच," ते म्हणाले. "क्रँक तेलात बुडून फेस काढतो, फेसाने बेअरिंगला तेल पोचत नाही, सीलमधून गळायला लागतं." भाच्याने सांगितले की फोर्डच्या मॉडेल टी ला पट्टीच नव्हती. खाली दोन छोटे कॉक असत. वरच्यातून तेल आले नाही आणि खालच्यातून आले, की ठीक. गंमत वाटली.

पण माझे मन घाटातच अडकले होते. दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मामांच्या गावी, निफाड तालुक्यात गेले. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा मुलगा भेटला, तोही आता साठीच्या पुढे. मी त्याला पट्टी दाखवली आणि सगळे सांगितले. मी तेव्हा पाहिले होते आणि बोलले नाही, हेही सांगितले.

तो बराच वेळ पट्टी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आबा शेवटपर्यंत म्हणायचे, ताईंनी बघितलं होतं."

मला वाटत होते, मामांना ते माहीत नसेल.

पट्टी मी त्यांच्याकडेच ठेवून आले. मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आले की साधन तपासल्याशिवाय पुराव्यावर विश्वास ठेवू नका. आमच्याच घरचे साधन तपासायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. आणि ते खोटे आहे हे कळायच्या आधीही, मी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगता आलेच असते.