'ध'चा 'मा' नक्की कोणी केला?

आनंदीबाई हे नाव मी इतिहासाच्या पुस्तकात वाचण्याआधी घरात ऐकलं. लासुर्ण्यात आमचं घर, कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, भवानीनगरच्या कारखान्याला जाणारा. मी चार वर्षांची असताना माझे वडील आणि काका वेगळे झाले. त्यानंतर कितीतरी वर्षं काकू अंगणात आली की आजी पुटपुटायची, "आली बघा आनंदीबाई. हिनंच घर फोडलं." मला वाटायचं, काकूचं माहेरचं नाव आनंदी असेल.

हे सगळं परत आठवलं ते एका इंग्रजी कादंबरीमुळे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये बसून मी फोनवर सारा जे. मास यांची 'कॅटवूमन : सोलस्टीलर' वाचत होते. २०१८ची, कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली. कॅटवूमन म्हणजे बॅटमॅनच्या कॉमिक्समधली चोर, धड नायिका नाही आणि धड खलनायिकाही नाही. १९४०मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला भूतकाळच नव्हता. ती दागिने चोरायची, बस्स. मग प्रत्येक पिढीने तिला आपापला भूतकाळ दिला. १९५०च्या सुमारास ती विमान अपघातात स्मृती गेलेली हवाईसुंदरी झाली. १९८७मध्ये फ्रँक मिलरने तिला वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेली बाई केलं. मास यांच्या कादंबरीत ती सतरा वर्षांची गरीब मुलगी आहे, आणि आजारी धाकट्या बहिणीसाठी मारामाऱ्या करते.

वाचताना एक गोष्ट खटकली. सेलिना चोर का झाली? बहिणीसाठी. म्हणजे स्वतःसाठी नाही, म्हणून तिला माफी. तेवढ्यात आजीचा आवाज कानात आला. आपल्या आनंदीबाईला असा भूतकाळ कोणी दिला का? तिच्या वाट्याला तर एक अक्षर आलं, तेवढंच.

ती गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी ठार मारलं. गारद्यांचा पगार थकला होता. काका रघुनाथराव वाड्यातच कैदेत होते. त्यांनी सुमेरसिंग गारद्याला लेखी हुकूम दिला होता, नारायणरावांना 'धरावे' असा. रघुनाथरावांच्या बायकोने, आनंदीबाईने, 'ध'चा 'मा' केला, आणि हुकूम 'मारावे' असा झाला.

माझ्या कामात 'गिट ब्लेम' नावाची एक कमांड रोजची आहे. कोडमधली कुठलीही ओळ शेवटची कोणी बदलली आणि कधी, ते ती सांगते. तीच कमांड या एका अक्षरावर चालवली तर काय दिसेल?

ही गोष्ट छापील इतिहासात ठळकपणे येते ती जेम्स ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात, १८२६मध्ये. म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत तो कागद पुढे आला आणि त्यावरचा शब्द बदललेला दिसला, असं तो सांगतो. पण शब्द बदलला कोणी, या प्रश्नावर साक्षीदाराचं नाव नाही, कबुली नाही. आनंदीबाईने बदलला असं सगळेच मानतात, एवढंच आहे. ब्लेमच्या रकान्यात नाव आहे, पण पुरावा म्हणून लिहिलंय 'सगळे म्हणतात'.

पुढे कृ. प्र. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नाटक आलं, १९०९मध्ये. १९४४मध्ये प्रभातचा 'रामशास्त्री' आला. त्यात आनंदीबाई होत्या ललिता पवार. मग शंका उरायचं कारणच संपलं.

आता एक साधा प्रश्न. या अक्षराचा फायदा कोणाला झाला? अक्षर बदललंच नसेल, तर रघुनाथराव पुतण्याचे खुनी ठरतात. अक्षर बायकोने बदललं असेल, तर ते फक्त 'धरा' म्हणणारे, फसलेले काका ठरतात. 'ध'चा 'मा' ही आनंदीबाईवरच्या आरोपाची गोष्ट म्हणून आपण ऐकतो. खरं तर ती रघुनाथरावांच्या बचावाचीही गोष्ट आहे. रामशास्त्र्यांना मात्र हा बचाव पटला नाही. त्यांनी दोष रघुनाथरावांनाच दिला आणि ते पुणं सोडून गेले.

अक्षराच्या पलीकडची आनंदीबाई शोधायला गेलं की थोडंच हाती येतं, पण जे येतं ते कुठल्याही कॉमिकपेक्षा कमी नाही. ती गुहागरच्या ओकांची लेक, रघुनाथरावांची दुसरी बायको. १७६८मध्ये धोडपला पुतण्या माधवरावाने नवऱ्याला हरवलं आणि शनिवारवाड्यात आणून कैदेत ठेवलं. खुनानंतर बारभाईंनी रघुनाथरावांना गादीवरून हुसकलं. ते पळत राहिले, आणि गरोदर आनंदीबाई धारच्या किल्ल्यात राहिली. तिथेच जानेवारी १७७५मध्ये दुसरा बाजीराव जन्मला. डिसेंबर १७८३मध्ये कोपरगावला नवरा गेला तेव्हा ती पुन्हा गरोदर होती. धाकटा चिमाजी बापाचं तोंड न बघताच जन्मला. उरलेली वर्षं तिने मुलांसह नजरकैदेत काढली, शेवटी नाशिकजवळ आनंदवल्लीला. १७९४मध्ये ती गेली.

मागच्या वर्षी शेतीच्या कर्जासाठी आमच्या जमिनीच्या जुन्या फेरफाराची नक्कल काढावी लागली. फेरफार म्हणजे गावच्या जमिनीचं गिटच म्हणा. कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर काय गेलं, कशामुळे गेलं, ते त्यात असतं. वाटणीच्या नोंदीत तीन नावं होती. आजोबा, वडील, काका. काकूचं नाव कुठेच नव्हतं. वडिलांना विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, "वाटणी मीच मागितली होती. तुमच्या शिक्षणासाठी बारामतीला राहायचं होतं ना." आजीला हे माहीत होतं का? "असेल की," एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

मी नक्कल घेऊन काकूकडे गेले. वाटलं होतं, तिला रडू येईल. तिने चष्मा लावून तो कागद पाहिला आणि परत दिला.

"काकू, तुझं नाव नाहीये यात."

"बायकांचं नाव कधी असतंय का गं कागदावर?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वाटणी मलाबी हवीच होती. रोज पंधरा माणसांच्या भाकरी थापत होते. वेगळं व्हावं असं वाटायचंच की."

बसमध्ये कादंबरी वाचताना काय खटकलं होतं ते मला तेव्हा कळलं. सेलिनाला माफ करायला लेखिकेला आजारी बहीण लागली. काकूला माफ करायला मला कोरा फेरफार लागला. तिला वाटणी हवी होती, पण तिने ती केली नाही. या दोन वाक्यांमधला फरक आमच्या घरात पंचवीस वर्षं कोणी पाहिला नव्हता, मीसुद्धा.

आनंदीबाईला सत्ता हवी असेल. नवरा पेशवा व्हावा, मुलगा पेशवा व्हावा असं तिला वाटत असेल. वाड्यातल्या कुठल्या पुरुषाला तसं वाटत नव्हतं? तिच्यावर कुमारांसाठी कादंबरी लिहायची तर ती निष्पाप होती असं सिद्ध करायची गरज नाही. गुहागरच्या समुद्राकाठून पेशव्यांच्या घरात आलेली मुलगी दाखवा, तिला काय काय हवं होतं ते सांगा, आणि त्या कागदाच्या प्रसंगाला तिच्या हातात लेखणी देण्याआधी जरा थांबा.

निघताना काकूने डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली आणि तो कागद नीट घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. "आजीला दाखवू नकोस," म्हणाली. "या वयात तिला कशाला त्रास?"