कारखाना कुठे जातो, का जातो : सिंगरची गोष्ट

मंडळी, आपल्या एमआयडीसीत मोठी कंपनी येणार, ही बातमी मी आजवर किती वेळा लिहिली असेल! भाषण ठरलेलं: जागा दिली, पाणी-वीज दिली, आता कंपनी येणारच. कंपनी काय हिशेब करते, हे कुणी सांगत नाही. तो हिशेब दीडशे वर्षं जुना आहे.

घरोघरी दिसणारं सिंगरचं शिलाई मशीन घ्या. कंपनी अमेरिकेची, पण आपल्याकडची कित्येक जुनी मशिनं स्कॉटलंडात बनलेली. सिंगरने आधी 1855 साली फ्रान्समधलं पेटंट तिथल्या एका व्यापाऱ्याला विकून पाहिलं. तो अनुभव कडूच निघाला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मजुरी महागली आणि इकडे युरोपात मागणी वाढत चाललेली. 1867 मध्ये ग्लासगोत स्वतःचाच कारखाना सुरू केला. मजुरी स्वस्त, लोखंड जवळ, बंदर दाराशी. 1885 मध्ये शेजारी क्लाईडबँकला अवाढव्य कारखाना उभा राहिला. 1913 साली तिथून 13 लाखांवर मशिनं बाहेर पडली, एका वर्षात!

रशियाचं गणित वेगळं. गिऱ्हाईक अफाट, पण आयात शुल्क जबर. म्हणून 1902 मध्ये मॉस्कोजवळ पोदोल्स्कला थेट कारखानाच. क्रांतीनंतर तो सरकारने ताब्यात घेतला, हे मात्र हिशेबात कुणी धरलं नव्हतं.

आणि कामगार? 1911 मध्ये क्लाईडबँकला पॉलिश करणाऱ्या मोजक्या बायकांवर कामाचा बोजा वाढवला, तर हजारो कामगार संपावर गेले. संप फसला. 1980 मध्ये कारखानाही बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे, बरं का.

लांब कशाला, आपलं तळेगाव बघा. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 मध्ये कंपनीने देशातली विक्री थांबवली, मग फक्त निर्यातीवर काम चाललं आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन बंद. जागा, पाणी, वीज होती तिथेच होती. गाड्या पुरेशा खपत नव्हत्या.

त्यामुळे पुढच्या घोषणेच्या वेळी मी साहेबांना एवढंच विचारणार आहे: माल कुणाला विकणार, सुटे भाग कुठून येणार, आणि उद्या शुल्क बदललं तर काय? तुमचे प्रश्न असतील तर खाली लिहा, तेही विचारतो.