भातवडीचा तलाव: सलाबतखानाचा की इंग्रजांचा?

भातवडीच्या तलावावर जाऊन कुणालाही विचारा की हा तलाव कुणी बांधला. बहुतेक वेळा उत्तर येते, "इंग्रजांनी." मी हा प्रश्न तिथे तीन-चार वेळा विचारला आहे. एकदा शेळ्या चारायला आलेल्या एका बाबांनी कारणही सांगितले, "इंग्रजांच्या टायमाचं काम हे. म्हणून तर टिकलं."

उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. इंग्रजांनी इथे काम केले ते १८७० च्या दशकात. त्यांनी नवा तलाव बांधला नाही. जुना, फुटलेला बांध नीट केला, त्यातून कालवा काढला आणि शेताला पाणी दिले. मूळ बांध त्यांच्या तीनशे वर्षे आधीचा, निजामशाहीतला. तो बांधवला सलाबतखानाने.

सलाबतखान म्हणजे मुर्तजा निजामशाहाचा वजीर. मुर्तजाने १५६५ ते १५८८ राज्य केले. शेवटच्या काळात हा सुलतान दरबारात येईनासा झाला, लोक त्याला 'दीवाना' म्हणू लागले आणि राज्याचा गाडा सलाबतखानाने ओढला. त्या काळात नगरमध्येच राहिलेला इतिहासकार फरिश्ता त्याच्या कारभाराची तारीफ करतो. नगरच्या दक्षिणेला असलेला फराहबक्ष महाल १५८३ साली याच सलाबतखानाच्या देखरेखीखाली पूर्ण झाला. सगळ्या बाजूंनी पाणी आणि मधोमध महाल अशी त्याची रचना. पाणी अडवणे, वळवणे आणि खापरी नळांतून दूरवर नेणे यात निजामशाहीच्या कारागिरांचा हात धरणारे फार कुणी नव्हते. नगर शहराला भोवतालच्या गावांतून जमिनीखालच्या नळांनी पाणी येत असे आणि ही व्यवस्था इंग्रजांच्या काळातही चालू होती.

या माणसाचे नशीब मात्र विचित्र. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. पाथर्डीकडे जाताना लांबूनच दिसते. तिला सगळे नगर 'चांदबीबीचा महाल' म्हणते. सहली जातात, फोटो निघतात, रीलही बनतात, आणि आत कोण झोपले आहे हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसते. कबर गेली चांदबीबीच्या नावावर आणि तलाव गेला इंग्रजांच्या नावावर.

यात दोष फक्त इतरांचा आहे असे मला वाटत नाही. आपल्या लोकांत निजामशाहीचा विषय निघाला की गाडी किल्ल्यावर, चांदबीबीच्या तलवारीवर आणि मलिक-ए-मैदान तोफेवर जाते. तोफ नगरला १५४९ साली ओतली, रूमीखानाने ओतली, आता ती विजापूरला आहे, हे आमच्या पोरांना पाठ असते. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण तोफेइतकीच अक्कल बांध घालायला आणि पाण्याचा उतार साधायला लागते. ती आम्ही मोजत नाही. सुलतानाचे नाव सांगतो, दगड रचणाऱ्या वडाराचे आणि नळ भाजणाऱ्या कुंभाराचे नाव कधी विचारतही नाही.

भातवडी हे गाव नगर शहराच्या पूर्वेला साधारण वीस किलोमीटरवर, मेहेकरी नदीच्या काठी आहे. शेजारचे पारगाव जोडून लोक 'भातोडी पारगाव' असे म्हणतात. मी राहतो नागापूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीना नदीच्या पुलाजवळ. मेहेकरी पुढे जाऊन सीनेलाच मिळते. म्हणजे आमच्या पुलाखालचे पाणी आणि भातवडीच्या सांडव्यावरून गेलेले पाणी शेवटी एकाच वाटेने भीमेला जाते. आता आमच्या पुलाखाली एमआयडीसीच्या कृपेने कसले पाणी वाहते ते सोडा. हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. सह्याद्रीवर कोसळून रिकामे झालेले ढग आमच्याकडे येतात. नगर तालुक्यात सोळाव्या शतकात नदी अडवणे म्हणजे शौक नव्हता, गरज होती.

इतिहासाच्या पुस्तकांत भातवडीचे नाव येते ते मात्र तलावामुळे नाही, लढाईमुळे. साल १६२४. मुर्तजा आणि सलाबतखान केव्हाच गेलेले. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला होता, पण निजामशाही संपली नव्हती. ती जिवंत ठेवली मलिक अंबरने. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला आला तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याचा गुलाम म्हणून. १६२४ साली त्याचे वय पंचाहत्तरच्या आसपास होते. समोर दोन फौजा एकत्र आलेल्या. एक मोगलांची, लष्करखानाच्या हाताखाली. दुसरी विजापूरच्या आदिलशहाची, मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली.

संख्येने अंबर कमी होता. त्याने मैदान निवडले ते तलावाच्या बाजूचे आणि पाणी सोडले. पावसाने आधीच झालेल्या चिखलात आणखी पाणी घुसले. जड तोफा, हत्ती, तंबू आणि सामान घेऊन आलेल्या फौजेची चाल अडली. अंबरच्या हलक्या घोडदळाने रात्री-अपरात्री छापे घातले, रसद तोडली, माणसे फुटू लागली. शेवटच्या हल्ल्यात मुल्ला मुहम्मद मारला गेला, लष्करखान कैद झाला. मराठी मुलखात गनिमी काव्याचे धडे कुठे गिरवले गेले, या प्रश्नाच्या उत्तरात भातवडीचे नाव घ्यावेच लागते.

कारण अंबरच्या बाजूने लढणाऱ्यांत शहाजीराजे भोसले होते. त्यांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. त्यांची समाधी आजही भातवडीत आहे. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. तो दर्गा नगरमध्ये अजून आहे. ज्या पीराचे नाव मिळाले त्याच्या दर्ग्यापासून काही कोसांवर शरीफजींनी प्राण ठेवला, तोही एका हबशी सेनापतीच्या झेंड्याखाली. आणि समोर मोगलांच्या पक्षात त्या काळी कोण होते? शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव. मुसलमान विरुद्ध मराठे असा हिशेब ज्यांना मांडायचा आहे त्यांनी या लढाईच्या दोन्ही बाजूंची नावे कागदावर लिहून काढावीत. कागद पुरेल, हिशेब जुळणार नाही.

पाणी हत्यार म्हणून वापरायची कल्पना जगाला नवी नव्हती. बरोबर पन्नास वर्षे आधी, १५७४ मध्ये, हॉलंडमध्ये लायडन शहराला स्पॅनिश फौजेचा वेढा पडला होता. तिथल्या लोकांनी स्वतःचेच समुद्राचे बांध फोडले, शेते बुडवली आणि सपाट तळाच्या होड्यांतून मदत शहरापर्यंत आणली. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. तो दिवस लायडनमध्ये अजून सणासारखा साजरा होतो, त्या दिवशी गावभर पाव आणि मासे वाटतात. आपल्याकडे भातवडीच्या विजयाचा सण नाही. नसला तरी चालेल. माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. बांधातले पाणी सोडले तेव्हा खालच्या शेतांचे काय झाले? लढाई पावसाळा सरताना झाली. त्या साठ्यावर रब्बीच्या ज्वारीची, हरभऱ्याची आशा असलेली कुटुंबे खाली असणारच. बखरी आणि तवारिखा सरदारांसाठी लिहिल्या गेल्या, त्यांत ही कुटुंबे सापडत नाहीत.

आणि हे करणारा अंबर काही पाण्याची किंमत न जाणणारा माणूस नव्हता. ज्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे जमिनीखालून नहर-ए-अंबरी आणली, तोच हा. कोरड्या माळावर शहर उभे करताना लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल. पण नळ, हौद आणि दाब मोकळा करणारे मनोरे असा सगळा मेळ त्याने बसवला. पाणी आणायचे कसे हे ज्याला कळते त्यालाच पाणी सोडायचे केव्हा हेही कळते. १६२६ मध्ये तो गेला. त्याच्यानंतर दहा वर्षांत निजामशाही संपली.

राज्य संपले की पहिला बळी जातो तो देखभालीचा. महाल पडका असला तरी उभा राहतो, मातीचा बांध मात्र वर्षाला माणूस मागतो. घुशी बिळे करतात, झाडांची मुळे भेगा पाडतात, सांडवा गाळाने भरला की पुराचे पाणी बांधावरून जाते, आणि एकदा पाणी मातीच्या माथ्यावरून गेले की एका रात्रीत खिंडार पडते. ज्याच्याकडे दुरुस्तीचा खर्च आणि हुकूम दोन्ही असेल असा धनी लागतो. भातवडीला तो पुढे राहिला नाही. इंग्रज आले तेव्हा त्यांना दिसला तो फुटका बांध.

इंग्रजांनी तो का बांधून काढला? दयेपोटी, असे आपल्याकडचे काही जुने लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्या वेळी मुंबई इलाख्याचे बांधकाम खाते पाण्याकडे गुंतवणूक म्हणून पाहत होते. अमुक रुपये घातले तर पाणपट्टीतून किती टक्के परत येतील, हा हिशेब प्रत्येक कामामागे असे. जुना बांध, तयार जागा आणि सलाबतखानाने आधीच हेरलेली नदीची अरुंद खिंड म्हणजे स्वस्तातला सौदा. याच दशकांत आपल्या जिल्ह्यात प्रवरेवर ओझरचा बंधारा आणि कालवा झाला, लाखचा कालवा झाला. पुढे १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि श्रीरामपूर-राहुरीकडचा भाग उसाने हिरवा झाला. साखरेचा जिल्हा म्हणून आपली जी ओळख आहे तिची मुळे तिथे आहेत.

भातवडीच्या दुरुस्तीचे दशक मात्र वाईट होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ नगरमध्ये फार कठीण गेला. दौंड-मनमाड रेल्वेचे मातीकाम याच दुष्काळातल्या मजुरांनी केले आणि १८७८ मध्ये गाडी सुरू झाली. आमच्या नागापूरच्या बाजूने, विळदवरून तीच लाइन जाते. पोटाला मिळावे म्हणून लोकांनी घमेली उचलली आणि इंग्रजांच्या अहवालात ते 'दुष्काळी काम' झाले. बांध असो की रेल्वे, माती वाहणारे हात इथलेच होते. सलाबतखानाच्या वेळीही तेच होते.

एक गंमत इथे सांगायला हवी. कालवे झाले तरी दख्खनचा शेतकरी लगेच पाणी घेईना. पाऊस बरा असला तर पाणपट्टी कशाला भरा, आणि पाऊस गेला की सगळ्यांची एकदम झुंबड. अधिकारी वैतागत. पुढे विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना त्यांनी पाण्याची आणि पिकांची वाटणी ठरवून देणारी 'ब्लॉक पद्धत' आणली ती याच गोंधळावर उपाय म्हणून. शेतकऱ्याला मूर्ख म्हणणारे अहवाल पुष्कळ सापडतात. पण ज्याच्या हातात रोकड नाही, त्याने आभाळाकडे बघून थांबायचे ठरवले तर त्यात मूर्खपणा कसला?

म्हणून 'इंग्रजांनी बांधला' यावर माझी तक्रार अशी आहे की या एका वाक्यात सलाबतखानही जातो आणि माती वाहणारेही जातात. पण 'आमच्या सलाबतखानाने बांधला, इंग्रजांचे काय' असे म्हणणाऱ्यांशीही मी भांडेन. दुरुस्ती झाली नसती तर आज तिथे खिंडार दिसले असते, तलाव नव्हे. इंग्लंडमध्येच बघा. केनेट आणि एव्हन नद्यांना जोडणारा कालवा १८१० मध्ये होड्यांसाठी पुरा झाला, रेल्वे आल्यावर ओस पडला, विसाव्या शतकात त्याची कुलपे कुजली. मग सामान्य लोकांनी सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून, वर्गणी काढून तो उकरला आणि १९९० मध्ये तो पुन्हा खुला झाला. आज तिथले लोक मूळ अभियंत्याचे नाव सांगतात आणि उकरणाऱ्यांचेही. दोन्ही सांगायला जड जात नाही.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. त्यावर व्हायचे ते वाद झाले. अहिल्याबाई चौंडीच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, आणि त्यांचे नाव देशभर टिकले त्यात घाट, विहिरी आणि बारवांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात सलाबतखानाच्या बांधाची आठवण ठेवायला कुणाला अडचण वाटण्याचे कारण नाही.

भातवडीचा तलाव चांगल्या पावसात अजून भरतो, उन्हाळ्यात तळ दाखवतो, आणि दर वर्षी गाळाने थोडा उथळ होतो. बांधावर बाभळी माजल्या आहेत. शहराला आणि आमच्या एमआयडीसीला पाणी मुळा धरणातून येते, त्यामुळे नगरकरांना भातवडीची आठवण यायचे कारण उरलेले नाही.

नगर, आष्टी, पाथर्डी भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात पाटाच्या पाळीचे, पाणपट्टीच्या पावत्यांचे, इनामी विहिरीचे किंवा नळदुरुस्तीचे मोडी, फारसी, उर्दू कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. पत्र्याच्या पेटीत तळाशी असले तरी बाहेर काढा, सावलीत वाळवा, मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. घरातले कुणी पाटकरी होते असे आजोबा-नानांकडून ऐकले असेल तर तेही लिहून पाठवा. गावाचे नाव आणि अंदाजे साल असले तरी पुरे.