अर्धी नोट आज, उरलेली पुढच्या टपालाने

१/ एकोणिसाव्या शतकात शंभराची नोट दूरच्या गावी धाडायची असली, की मुंबईचा व्यापारी आधी कात्री हाती घेई. नोटेचे दोन तुकडे होत. एक टपालाने रवाना केला जाई आणि तो पोहोचल्याचे पत्र आल्यावरच दुसरा. क्रमांक नोटेच्या दोन्ही अंगांना छापलेला असल्याने तुकडे जुळवता येत. वाटेत टपाल लुटले गेले, तरी चोराच्या हाती अर्धाच कागद लागे.

२/ नोट हलकी होती. तिच्यामागची चांदी मात्र जड होती. रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. हजार रुपयांची थैली साडेअकरा किलोंहून अधिक भरे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे आला आणि १ मार्च १८६२ पासून तो अमलात आला. योजना मांडणारे जेम्स विल्सन तोवर कलकत्त्यात निवर्तले होते. सॅम्युएल लेंग यांनी ती तडीस नेली. चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे चालत. त्यापुढे मात्र नाणी वा चांदीच तिजोरीत हवी.

३/ पण कोणत्या शहराच्या तिजोरीत? कोणतीही नोट कोठेही वटवण्याची मुभा दिली असती, तर व्यापाऱ्यांनी हुंडणावळ वाचवण्यासाठी नोटांचेच गठ्ठे देशभर फिरवले असते आणि कापसाच्या हंगामात एखाद्या कार्यालयापुढे चांदीसाठी एकाएकी रीघ लागली असती. मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली ती १८७० मध्ये. तोवर तुटवडा भरून काढायला चांदी वेळेवर पोहोचणार कशी?

४/ म्हणून सरकारने देशाची ‘चलन-वर्तुळे’ पाडली. मुंबईची नोट मुंबई वर्तुळातच कायदेशीर. कलकत्त्याची नोट येथील सराफाने घेतलीच, तर बट्टा कापून. वर्तुळाच्या आतही चांदी हक्काने मागता येई ती नोट काढणाऱ्या कार्यालयातच. जिल्ह्याच्या खजिन्यात ती मिळणे अधिकाऱ्याच्या सोयीवर असे. सरकारने आपली तिजोरी सुरक्षित राखली खरी, परंतु अंतराचा भुर्दंड नोट बाळगणाऱ्यावर टाकला. त्यात आरंभीची सर्वांत लहान नोटही दहा रुपयांची, म्हणजे खेड्यातील शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईहून मोठी. गावाने रोकडा रुपयाच पसंत केला, यात अडाणीपणा शोधणारे इंग्रज अधिकारी हा हिशेब विसरत.

५/ सराफी पेढ्यांनी हेच कोडे सरकारच्या कितीतरी आधी सोडवले होते. हुंडी वाटेत हरवली, तर तिची दुसरी प्रत ‘पेठ’ निघे. तीही गहाळ झाली, तर ‘परपेठ’. पैसे एकदाच दिले जात, कारण देणारा आणि घेणारा या दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत नोंद असे. सरकारी नोटेमागे अशी ओळखदेख नव्हती. ती बाळगणाऱ्याची. मग कात्रीशिवाय दुसरा उपाय कोणता?

६/ १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि लहान रकमांसाठी नोटा कापण्याची गरज ओसरली. वर्तुळांच्या भिंती मात्र सावकाश पडल्या. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र कायदेशीर झाली १९०३ मध्ये, दहा आणि पन्नासची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. म्हणजे शंभराच्या नोटेला अवघा देश मोकळा व्हायला जवळजवळ अर्धशतक लागले.

७/ १ डिसेंबर २०२२ रोजी सर्वसामान्यांसाठीचा डिजिटल रुपया प्रयोगादाखल आला, तोही प्रथम चारच शहरांत: मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर. जेथे नेटवर्क नाही किंवा क्षीण आहे, तेथेही तो चालावा, अशी सोय करण्याचे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. अशा ठिकाणी तोच रुपया त्याच फोनवरून दोघांना दिला जाणार नाही याची खातरजमा करायला मध्यवर्ती नोंदवही त्या क्षणी हाताशी नसते, आणि या चलनाची कात्री लावता येईल अशी कडाही नाही.