बोरूपासून कळफलकापर्यंत

खानदेशांतील पारोळें हें गांव जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं १७२७ सालीं बांधलेल्या भुईकोट किल्ल्यामुळें इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक आहे. त्या किल्ल्याची कथा आम्हांस येथें सांगावयाची नाहीं. अशा तालुक्याच्या गांवीं विद्यार्थ्याच्या हातीं वेळोवेळीं जीं साधनें आलीं, त्यांविषयीं थोडें लिहावयाचें आहे.

जुनें दफ्तर मोडींत लिहिलें जाई. हात न उचलतां सलग लिहितां यावें असें त्या लिपीचें वळण; पण तें मुलास आपोआप साधेल असें कोणीं मानलें नाहीं. पंतोजी धुळाक्षरें गिरवून घेत, बोरू तासावयास शिकवीत. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही मोडी शिकविली जाई. साधन हाताळणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, हें त्या लोकांस पक्कें कळलें होतें.

१९८९ सालीं नाशकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें. त्याचा विद्यार्थी घरीं बसून शिके खरा, परंतु त्याचें मुख्य साधन छापील पुस्तक. तें उघडण्यास नवी कला लागत नव्हती. संगणकाचें तसें नाहीं. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गांवांपर्यंत पोंचले. मात्र पुष्कळांनीं तो अभ्यासक्रम सरकारी नोकरीस लागणाऱ्या दाखल्यासाठींच केला, असें आमचें मत आहे.

मग मार्च २०२० मध्यें करोनामुळें शाळा बंद झाल्या. राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणें २०१७-१८ सालीं देशांतील ग्रामीण घरांपैकीं शेंकडा सुमारें १५ घरींच इंटरनेटची सोय होती, आणि संगणक तर शेंकडा ४ घरांत. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठमाला दाखविली गेली, ही गोष्ट शहाणपणाची झाली. कारण दूरदर्शन-संच लावण्यास शिकावें लागत नाहीं. पण ऑक्टोबरांत विद्यापीठांच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा पुष्कळ ठिकाणीं मोबाईलवर झाल्या, तेव्हां उणीव उघडी पडली. परवलीचा शब्द जपून ठेवणें, तुटलेली जोडणी पुन्हां साधणें, वेळ संपण्यापूर्वीं उत्तर पोंचलें कीं नाहीं याची खात्री करून घेणें, हें ज्यास कोणीं शिकविलें नव्हतें, त्याची परीक्षा इतिहासाची झाली कीं यंत्राची? दिवसभर चित्रफिती पाहणारा मुलगा यांत तरबेज असतो, हा समज आम्हांस भाबडा वाटतो. पाहणें निराळें, लिहून पाठविणें निराळें.

लिहिण्याचाच दाखला घ्या. भारतीय लिप्यांसाठीं इन्स्क्रिप्ट नांवाचा कळफलक सरकारनें १९८० च्या दशकांतच ठरविला. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे. बाराखडी येणाऱ्यास ही मांडणी लवकर उमगते. तरीही आज पुष्कळ विद्यार्थी मोबाईलवर मराठी लिहितात तें रोमन अक्षरांत, आणि इन्स्क्रिप्टचें नांवही त्यांच्या कानांवर गेलेलें नसतें.